सोया वड्या: जिमनंतरच्या ताटात उत्तम, जिमआधी नकोच

वजन वाढवायला निघालेल्या शाकाहारी मुलाला जिममध्ये पहिला सल्ला मिळतो प्रोटीन पावडरच्या डब्याचा, दुसरा सोया वड्यांचा. डबा परवडत नाही म्हणून वड्या आणल्या जातात, आठवडाभर खाल्ल्या जातात, पोट फुगतं आणि उरलेलं पाकीट फडताळात मागे जाऊन बसतं. यात वडीचा दोष फारसा नसतो. ती कधी खाल्ली आणि कशी शिजवली, तिथेच गडबड झालेली असते.

आधी पाकीट बघा. घटकांत एकच गोष्ट हवी: तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचं पीठ. 100 ग्रॅममागे 52 ग्रॅम प्रथिनं, साधारण 345 कॅलरी, तंतू 13 ग्रॅमच्या आसपास आणि स्निग्धांश नावापुरता. हे सगळे आकडे कोरड्या वडीचे आहेत. भिजल्यावर तिचं वजन तिपटीच्या जवळ जातं, म्हणजे भिजलेल्या 100 ग्रॅममध्ये जेमतेम 17 ग्रॅम प्रथिनं उरतात. पिळलेल्या वड्या काट्यावर ठेवून 52 चा हिशेब लावणारे कमी नाहीत, आणि मग ‘एवढं खातोय तरी अंग का भरत नाही’ हा प्रश्न येतो. वजन नेहमी कोरडं करा. एका वेळेला 50 ग्रॅम पुरे. त्यात 26 ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे चार अंड्यांइतकी. 60 किलोच्या मुलाला किलोमागे 1.6 ग्रॅम धरली तर दिवसाला 96 ग्रॅम लागतात, त्यातली पाव भागाहून जास्त इथेच येतात. महाग-स्वस्त ठरवायचं तर 200 ग्रॅमच्या पाकिटाच्या किमतीला त्यातल्या 104 ग्रॅम प्रथिनांनी भागा आणि पावडरच्या डब्याची किंमतही त्यातल्या एकूण प्रथिनांनी भागून बघा.

सुट्या वड्या शक्यतो टाळा. किराण्याच्या पोत्यातल्या वडीला दमट वास असेल, तळाशी चुरा साठला असेल, तर मसाला कितीही घाला, तो वास जात नाही.

आता शिजवणं. 50 ग्रॅम वड्यांना किमान अर्धा लिटर पाणी, अर्धा चमचा मीठ. पाण्याला उकळी आल्यावर वड्या टाका, पाच मिनिटं उकळा, गॅस बंद करून झाकण ठेवून दहा मिनिटं थांबा. ते फेसाळ पाणी ओतून द्या. प्रथिनं वाया जातील असं वाटून ते रश्शात वापरायचा मोह टाळा. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि गॅस धरतो. त्या पाण्यात विरघळतात, म्हणून पाण्याबरोबर बऱ्याचशा निघून जातात. मग गार पाण्यात घालून तळहातात दाबून पिळा, पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा. निघणारं पाणी नितळ दिसेपर्यंत, साधारण तीनदा. एक वडी मधोमध तोडून बघा: आत पांढरट, कडक ठिपका दिसला तर ती अजून कच्ची आहे. कोरड्या वड्या थेट पुलावात टाकून कुकरला लावल्या की नेमका हा ठिपका राहतो, आणि वासही.

आता तक्रारीचा मुद्दा. वजन वाढवायचं तर रोजच्या गरजेपेक्षा 300 ते 400 कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. वडी इथे उलटी वागते. 50 ग्रॅममध्ये फक्त 172 कॅलरी, पण फुगून पोट भरते आणि चावून जबडा दुखतो. वजन कमी करणाऱ्याला हे वरदान, वाढवणाऱ्याला अडचण. म्हणून अंग भरायचं असेल तर वड्यांपेक्षा दाणेदार सोया, म्हणजे ग्रॅन्यूल्स घ्या. आकडे तेच, चावणं कमी, भातात सहज मिसळतात.

वेळेचं म्हणाल तर व्यायामाआधीच्या तीन तासांत सोया नको. तंतूंमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि स्क्वॉटला खाली बसलं की ढेकर वर येतो. संध्याकाळी साडेसहाचा जिम असेल तर साडेचारला पोह्यांची भरली बशी आणि निघताना एक केळं, बस. सोया नंतरच्या जेवणात. घरी आल्याबरोबर घशाखाली ढकलायची घाई नाही, तास-दीड तासात जेवलात तरी चालतं.

ते ताट असं: 50 ग्रॅम ग्रॅन्यूल्सचा खिमा एक मोठा चमचा तेलात, वर 20 ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, कच्च्या 100 ग्रॅम तांदळाचा भात, वाटीभर दही. जवळपास 840 कॅलरी आणि 43 ग्रॅम प्रथिनं. दही हौसेखातर नाही. स्नायू बांधायला लागणारं ल्युसिन हे अमिनो आम्ल सोयात व्हेपेक्षा, म्हणजे दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरपेक्षा, कमी असतं. दही आणि भात मिळून ती कसर काढतात. सकाळी जिम असेल तर रात्रीच पिळून फ्रिजमध्ये ठेवलेले ग्रॅन्यूल्स जिमनंतरच्या थालीपिठाच्या भाजणीत मळा. पीठ मात्र नेहमीपेक्षा घट्ट भिजवा, ग्रॅन्यूल्स पाणी सोडतात आणि थालीपीठ तव्याला चिकटतं.

सोयाने पुरुषी हार्मोन घटतं ही भीती जिममध्ये अजून जिवंत आहे. 2010 आणि 2021 साली अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले, दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. तरी दिवसाला 50-60 ग्रॅमच्या वर जाऊ नका. हार्मोनपेक्षा पोट आधी तक्रार करतं. सोयाची अॅलर्जी असेल तर प्रश्नच मिटला. थायरॉईडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत चार तास ठेवा, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. सकाळी गोळी घेणाऱ्यांनी थालीपिठाचा बेत सोडून खिमा रात्रीच खावा.