तिळाचा रंग आणि खडेबाजारातलं रंगाचं दुकान

बेळगावच्या शहापुरात माझं फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. बावीस वर्षं साडीला धागा मॅच करत आलेय, त्यामुळं रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलं की राग येतो. तरीही खडेबाजारातल्या (गावातल्या, शहापूरच्या नव्हे) एका रंगाच्या दुकानातले म्हातारे मालक मला दोन गोष्टी शिकवून गेले, म्हणून हे लिहितेय. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मामा आता ओळखीचे झालेत आणि खाली तक्रारीही आहेत.

आमची बाथरूम म्हणजे जुनी न्हाणी. सासूबाईंच्या वेळी तिथं चूल आणि हंडा होता. आठ बाय सहा फूट जागा, उत्तरेला काचेच्या पट्ट्यांची एक चिमुकली खिडकी. सात फुटांपर्यंत टाईल्स आहेत, कॉफी रंगाच्या. त्या ह्यांनी मला न विचारता आणल्या, तो विषय वेगळा. वर उरते अडीच फूट भिंत आणि छत. एवढ्याशा जागेसाठी कशाला डोकं लावायचं, असं म्हणून तीन वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याकडनं जुन्या चुन्यावरच डिस्टेंपर मारून घेतलं. पहिला पावसाळा कसाबसा निघाला. दुसऱ्या पावसाळ्यात अंघोळीला बसलं की तांब्यात पोपडा पडायचा. कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके. आंबोलीकडनं पाऊस एकदा चढला की आमच्याकडं चार महिने टॉवेल वाळत नाही, तिथं चुन्यावरचं डिस्टेंपर काय टिकणार?

दसरा झाल्यावर नवा रंगारी बोलावला, सौंदत्तीकडचा. त्यानं आधी खरडायला घेतलं. चुना पार गिलाव्यापर्यंत काढला, पोतंभर निघाला. बुरशी होती तिथं ब्लीच, एकास तीन-चार पाणी घालून, लावून ठेवलं आणि मग धुतलं. (त्यात संडास धुवायचं ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो.) भिंत चांगली वाळल्यावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर. मग तो मला म्हणाला, "तिळी हसिरु हच्चरी अक्का, छंद काणतैति."

म्हणजे फिकट हिरवा लावा, छान दिसेल. कन्नडमध्ये तिळी म्हणजे फिकट. पण दिवाणखान्यात चंदगडहून आलेल्या ह्यांच्या आत्या बसल्या होत्या. त्यांना एवढंच ऐकू गेलं, तिळी. त्या तिथनंच म्हणाल्या, "तिळाचा रंग? बरा दिसेल की गं!" आम्ही दोघं हसलो आणि मी हिरवा आणायला दुकानात गेले.

दुकान अरुंद, आत लांब. दिवाळीच्या आधीचे दिवस, त्यामुळं काउंटरवर मरणाची गर्दी. पोरगा चटपटीत, मराठी-कन्नड दोन्ही फाडफाड. पण त्यानं आल्या आल्या ऑईल पेंट गळ्यात मारायला बघितलं, ओलीला तोच बरा म्हणून. मामा आतनंच ओरडले, "अरे, भिंतीतली ओल बाहेर कुठनं जाणार? फुगे येतील." मग त्यांनी बाथरूमसाठी बुरशीरोधक इमल्शन दाखवलं, जरा चमक असलेलं, म्हणजे पुसता येतं. अगदी मॅट घेऊ नका म्हणाले, पाण्याचे ओघळ त्यावर दिसतात.

हिरव्याचा नमुना मी छोट्या डब्यात घेतला, एकशेवीस रुपये. हे दुकान मला आवडलं ते इथं. लिटरभर खपवायचं सोडून मामांनी स्वतःच सांगितलं, कार्ड बघून ठरवू नका, हातभर पट्टा मारा, सकाळी बघा, रात्री बल्ब लावून बघा. मी रोज गिऱ्हाइकाला साडी दारात उजेडाला नेऊन धागा दाखवते, पण भिंतीला तोच नियम लागतो हे सुचलं नव्हतं. भिंत दारात नेता येत नाही, म्हणून रंगच भिंतीकडं न्यायचा.

पट्टा मारला. सकाळी खिडकीच्या उजेडात हिरवा बरा वाटला. रात्री पांढऱ्या एलईडीखाली सरकारी दवाखाना. आरशात माझाच चेहरा तीन दिवस ताप आल्यासारखा. शिवाय कॉफी टाईल्सच्या वर तो हिरवा नुसता शेवाळासारखा दिसायला लागला. ज्या भिंतीवरचं हिरवं-काळं आत्ताच खरडून काढलं, तिथं पैसे देऊन परत हिरवं लावायचं?

तेव्हा आत्यांचा तीळ आठवला. डब्यातनं चिमूटभर तीळ काढले, टाईलवर ठेवून बघितले. बसत होते. कागदाच्या पुडीत बांधून दुसऱ्या दिवशी दुकानात हजर.

"मामा, हा रंग."

दुसरा कुणी हसला असता. मामांनी विचारलं, "पॉलिशचे की बिनपॉलिशचे?" मी म्हटलं, घरचे, बिनपॉलिशचे. शेड कार्डांचा तो पंखा घेऊन ते दाराच्या पायरीवर आले, एकेका पट्टीवर दहा-बारा दाणे पसरले आणि डोळे अर्धे मिटून बघायला लागले. मी चाट पडले. छापील साडीला धागा लावताना मी हेच करते. प्रत्येक दाणा वेगळा असतो, एक पांढुरका, एक तपकिरी. डोळे बारीक केले की सगळे मिळून एकच रंग दिसतो. सातव्या पट्टीवर दाणे दिसेनासे झाले. मामा म्हणाले, आता ह्याच्यापेक्षा एक पायरी फिकट घ्या. लहान खोलीत एका भिंतीचा रंग दुसरीवर पडतो, कार्डावर दिसतो त्याहून गडद होतो. ही दुसरी शिकवण.

मशीनवर नंबर टाकला, पांढऱ्या बेसच्या डब्यात थेंब पडले: पिवळा, तांबडा, काळ्याचा जेमतेम एक. मामा म्हणाले, पिवडी आणि काव, दुसरं काय. सासूबाई चुन्यात कालवायच्या तेच की! मग डबा हलवायच्या यंत्रात दोन मिनिटं गदागदा. लिटरला पाचशे साठ रुपये. भिंत आणि छत मिळून माझा हिशेब एकशे अठरा चौरस फूट होता. दोन हात मारून तळाला थोडा रंग उरला.

आता तक्रारी. घरी येऊन डबा वाचला तर पोरानं मॅट दिलेला. रंगारी ब्रश घेऊन बसलेला, त्याची अर्धी हजेरी वाया. परत रिक्षा. त्यांनी कुरकुर न करता बदलून दिला हे खरं (एरवी मिसळलेला रंग परत घेत नाहीत), पण रिक्षाचे पैसे माझेच गेले. झाकणावर शेडचा नंबरही लिहिला नव्हता, मी मागून घेऊन स्केचपेननं लिहिला. उद्या कोपरा उखडला तर तो नंबर नसताना तोच रंग कुठनं आणणार? आणि गाडी घेऊन जायचा विचार सोडा, लावायला जागाच नाही.

रंग मारून आता एक पावसाळा गेलाय. रात्री बल्बखाली भिंत किंचित गुलाबीकडं झुकते, चेहरा माणसासारखा दिसतो. खिडकीच्या वर बोटभर जागेत दोन ठिपके आलेत. तिथं एक्झॉस्ट पंखा बसवा म्हणून ह्यांच्या मागं लागलेय.

जायचं तर दुपारी तीनच्या सुमारास जा, मामा निवांत असतात. आणि कशाचा नमुना नेलात तर आठवणीनं परत मागून घ्या. माझी पुडी काउंटरवरच राहिली. मॅटचा डबा बदलायला गेले तेव्हा पोरगा त्यातले तीळ खात उभा होता.