अंगठ्याखाली झाकलेला नंबर

कॅनडातल्या नोकरीच्या एका पत्रापायी आमचे 12 लाख 2 हजार रुपये बुडाले. त्यातले 9 लाख 50 हजार बाबांनी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात रोख मोजून दिले. उरलेले 4,200 कॅनेडियन डॉलर, तेव्हाच्या भावाने 2 लाख 52 हजार, मी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून स्वतः पाठवले. आकडा आधीच सांगून टाकतोय, कारण घरातसुद्धा मी तो बरेच दिवस कमी करून सांगत होतो.

शिकलेल्या पोराने नोकरीचं पत्र पैसे देऊन घ्यायचंच कशाला, असं नातेवाईक तोंडावर विचारतात. त्यांनी ती रात्रपाळी केलेली नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. घरी गाडीला ड्रायव्हर, ताटात गरम भाकरी, मी स्वतःचा शर्टही कधी धुतला नव्हता. जानेवारी 2023 ला कॅनडात गेलो आणि बेसमेंटमधल्या दोन खोल्यांत सहा जणांबरोबर राहू लागलो. कोर्स संपल्यावर गोदामात रात्रभर खोकी उचलायची, पहाटे बर्फात बसची वाट बघायची. बोटांना भेगा पडलेल्या दिसू नयेत म्हणून आईला व्हिडिओ कॉल करताना हात खाली ठेवायचो. बाबांना सांगितलं होतं की ऑफिसात काम आहे.

वर्क परमिट जुलै 2025 ला संपत होतं. पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, माझा स्कोअर 478, आणि अर्जदार निवडायची 23 जानेवारीची सोडत 527 ला थांबली. एलएमआयएवाली, म्हणजे परदेशी कामगार ठेवायला मालकाने सरकारची मंजुरी घेतलेली, नोकरी असेल तर तेव्हा 50 गुण वाढायचे, म्हणजे माझे 528. एका गुणाने पार! त्याच आठवड्यात आमचे पैसे घेणारा हा एजंट भेटला. आपल्याच सोलापूरचा, चुलत्यांच्या ओळखीतला. "काय टेन्शन घेतो बे, मी हाय की," म्हणाला. सहा महिन्यांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पत्राचा फोटो पाठवला. पीडीएफ नाही, टेबलावर ठेवलेल्या कागदाचा फोटो. नोकरी देणाऱ्या हॉटेलचं नाव दिसतंय, माझं नाव दिसतंय, आणि जिथे एलएमआयएचा नंबर असतो बरोबर तिथे त्याचा अंगठा. पुष्कराजाची अंगठी घातलेला. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. नंबर विचारला तर म्हणाला, पूर्ण पैसे आले की देतो. तिथेच फोन ठेवायला हवा होता. मला कळलं होतं हो! पोटात गोळा आला होता. पण शिफ्टची बस आली, मी मोबाईल खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला.

सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा अजून उठला नव्हता. बाबा होम मैदानाजवळच्या गर्दीतून पैशांची पिशवी छातीशी धरून गेले. त्यासाठी दोन माग विकले होते, ते मला नंतर आईकडून कळलं. पावती मागितली तर उत्तर मिळालं, "काका, घरच्या माणसाला पावती कशाला?" नंबर मागणाऱ्याला "नंतर देतो" आणि पावती मागणाऱ्याला "घरचा माणूस" म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच उठा.

सगळ्यात जास्त चीड याची येते की ते 50 गुण काढून टाकणार हे तिथल्या सरकारने 17 डिसेंबर 2024 लाच जाहीर केलं होतं. 25 मार्च 2025 ला ते गेलेही. जे जाणार हे ठरलेलं, तेच त्याने आम्हाला विकलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, नियम नव्या लोकांना, आपली फाईल जुनी. सरकारच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत दिसलं असतं. एजंटच्या तोंडून नियम ऐकू नका. आणि एलएमआयएची 1,000 डॉलर फी मालकानेच भरायची असते, कामगाराकडून ती वसूल करता येत नाही. तुमच्याकडे कुणी पैसे मागतोय म्हणजेच काळंबेरं आहे.

एप्रिलमध्ये त्याचा फोन बंद झाला. तिथल्या पोलिसांनी सांगितलं, पैसे भारतात दिलेत, तिकडे जा. ऑगस्टमध्ये परत येऊन इथल्या पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, काम कॅनडाचं, तिकडे तक्रार करा. अहो, पैसे सात रस्त्याला दिलेत! चार वेळा गेलो. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा अर्जावर तारीख नाही म्हणून परत. चौथ्यांदा बाबांना बाकड्यावर दोन तास बसवून विचारलं, "एवढी रोकड आली कुठून? इन्कम टॅक्सला कळवू का?" बासष्ट वर्षांचा माणूस, तिथून उठताना त्यांचे हात थरथरत होते. चोर बाहेर मोकळा आणि धमकी आम्हाला! वकिलांनी नंतर सांगितलं की दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला होतो. आणि गुन्हा कुठेही घडला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. तोंडी हाकललं तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मी पहिल्या तीन वेळा घेतली नाही.

कॅनडाच्या व्हिसा-इमिग्रेशनच्या परवानाधारक सल्लागारांची यादी ऑनलाइन सगळ्यांना खुली आहे. त्यात हा नव्हता. तेही मी परत आल्यावर बघितलं.

आता पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज दिलाय. विजापूर रोडच्या एका मुलाने याच माणसाला 6 लाख दिलेत. वडिलांची अब्रू जाईल म्हणून तो गप्प आहे. तो फोटो त्यालाही आला होता, तोच अंगठा, तीच अंगठी. त्याने फक्त एकदा माझ्याबरोबर यावं, त्याच्या वडिलांशी मी स्वतः बोलेन.