कॉम्बोमध्ये आलेला अजगर

कुडाळला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याचे पंप, मिक्सर, पंखे, आंबा कॅनिंगवाल्यांच्या मोटारी. हे आधी सांगतो, कारण मला ज्या वस्तू गळ्यात मारल्या गेल्या त्यातल्या निम्म्या माझ्याच धंद्यातल्या होत्या. गिऱ्हाइकाला मी रोज सांगतो, बिनमार्काची वायर घेऊ नका. आणि स्वतः एकोणीस हजारांचा भंगार घेऊन बसलो.

साप पाळायची हौस शाळेपासूनची. आपल्या रानातला साप पाळता येत नाही, पकडणं, ठेवणं, विकणं सगळंच १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा, एवढं ठाऊक होतं. म्हणून नजर बॉल पायथनवर गेली. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. बिनविषारी, सहसा चार-पाच फुटांपर्यंत वाढणारा, घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. नीट ठेवला तर वीस-तीस वर्षं जगतो. आपल्याकडे हे विदेशी साप ठेवता येतात, पण कागद लागतात. कुठले कागद, ते मी विचारायला हवं होतं. मी ते विकणाऱ्यालाच विचारलं.

तो इन्स्टाग्रामवर सापडला. नाव लिहीत नाही, चौकशी चालू आहे. माणूस बोलायला इतका समंजस की मी त्याच्यावर संशय घेतला असता तर मलाच लाज वाटली असती. रात्री अकराला व्हॉइस नोट टाकायचा, "भाऊ, पहिलाच साप ना? मग आधी घर नीट पाहिजे. मी साप विकायच्या आधी सेटअप विकतो. ज्याला सेटअप परवडत नाही त्याला साप देतच नाही." आता बघा, या वाक्यात चूक काय आहे? काहीच नाही. कुठलाही जाणकार हेच सांगेल. मी तिथेच पाघळलो.

मग आला कॉम्बो. पिल्लाचे साडेअकरा हजार, सेटअपचे एकोणीस. मी म्हटलं, सेटअप आधी पाठव, पंधरा दिवस चालवून बघतो, मग पिल्लू. त्यावर पठ्ठ्याने कारण दिलं की पेटीत सापाचा वास मुरवून पाठवतो, वेगवेगळं पाठवलं तर साप खाणं सोडतो, आणि हे पिल्लू रेअर मॉर्फ, म्हणजे दुर्मिळ रंग-नक्षीचं आहे, मागे दोघं रांगेत आहेत. साफ थाप. उलट पद्धत अशी की पेटी रिकामी चालवायची, दिवस-रात्रीचं तापमान लिहून ठेवायचं, आकडे स्थिर झाले की मगच जनावर आणायचं. रिकाम्या पेटीत पंधरा दिवस मिळाले असते तर त्याचा माल पहिल्या संध्याकाळीच उघडा पडला असता. म्हणून त्याला दोन्ही एकदम पाठवायचं होतं. हे मला पैसे पाठवल्यावर कळलं, यूपीआयवर, दोन हप्त्यांत.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला तिठ्यावर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून दोन खोके उतरवले. पावसाने नुसतं झोडपून काढलं होतं. एका खोक्यात काचपेटी, दुसऱ्या थर्माकोलच्या खोक्यात कापडी पिशवी, पिशवीत ते. घरी आणलं तेव्हा आई दारातच होती. "मेल्या, घरात जनावर हाडलंस? वारुळाक नारळ ठेवणारी माणसां आमी!" आमच्याकडे सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, आणि वारूळ म्हटलं की नाग आलाच, तेव्हा आईचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तिने त्या दिवसापासून माझ्या खोलीत पाय ठेवला नाही.

आता पेटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण असाच सेटअप अजून पाच-सहा जणांकडे गेलाय असं मला नंतर कळलं.

दोन फूट बाय एक फूट काचपेटी, वर जाळीचं झाकण. आत पांढरी बारीक वाळू. लाल बल्ब. एक 'हीट रॉक', म्हणजे दगडासारखा दिसणारा ठोकळा, आत गरम होणारी वायर. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारी डबी. फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र. आणि काचेला चिकटवलेला गोल काट्याचा आर्द्रतामापक. बघायला झकास. फोटो काढून मी स्टेटसही ठेवलं.

संध्याकाळी दुकानातून टेंपरेचर गन घरी आणली, सहज. हीट रॉकचा पृष्ठभाग ५२ डिग्री. थर्मोस्टॅट ३२वर लावलेला. मी तो २५वर आणला. रॉक ५२. पूर्ण बंदवर आणला. रॉक ५२. स्क्रू काढून डबी उघडली तर तापमान मोजणाऱ्या प्रोबची वायर आत येऊन नुसती गाठ मारून सोडलेली. सप्लाय चालू-बंद करणारा रिलेच नाही. सप्लाय सरळ आरपार, आणि मधे एक एलईडी, तो बटण फिरवलं की लाल-हिरवा होतो. पंधरा वर्षं मी मोटारी उघडतोय, इतकं निर्लज्ज काम पाहिलं नव्हतं.

साप अशा तापलेल्या दगडावरून वेळेत उठत नाही. पोटाखालची चामडी भाजते तरी तो तिथेच पडून राहतो. म्हणून हीट रॉक ही वस्तूच घेऊ नये, थर्मोस्टॅटला जोडूनसुद्धा. पुढे मेगर लावून त्याचं इन्सुलेशन तपासलं. कोरडा होता तेव्हा ठीक. ओल्या फडक्याने पुसून परत लावला तर काटा सरळ खाली, म्हणजे करंट गळतोय. आणि याच पेटीत त्याने फॉगर दिलाय! पाण्याचं धुकं आणि लीक होणारी वायर एकाच काचेच्या डब्यात. साप राहू दे बाजूला, पाणी बदलायला हात घालणारा आधी गेला असता.

फॉगरचं तर हसूच येतं. जुलैत कोकणात फॉगर! इथे दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, मीठ बरणीत पाणी सोडतं. हवेतली आर्द्रता नव्वदच्या आसपास असते. बॉल पायथनला साठ-सत्तर टक्के पुरे. वर त्या काट्याच्या मीटरवर काय, तर ४१. मी तो न्हाणीघरात नेला, ४१. मिठाची कसोटी केली. झाकणात मीठ घेऊन ते फक्त चिंब होईल इतकं पाणी घालायचं, मीटरबरोबर हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवायचं. चांगला मीटर ७५च्या जवळपास दाखवतो. माझा ४१. शेवटी काच उचकटली तर काटा फेविक्विकसारख्या कशाने तरी चिकटवलेला. आर्द्रता कमी दिसली म्हणजे माणूस फॉगर चालू ठेवणार आणि सेटअप काम करतोय असं त्याला वाटत राहणार.

मी सगळं बंद केलं. खोलीचं तापमान तसंही सत्तावीस होतं, जनावर लगेच मरणार नव्हतं. विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "चायना पीस आला वाटतं भाऊ, बदलून देतो." मी विश्वास ठेवला. दोनदा फसलो तो असा.

कारण सापावर मला अजून संशय नव्हता. पिल्लू दिवसभर वाळूत पुरून बसायचं, फक्त थोबाड वर. उंदराचं पिल्लू दाखवलं तर बघेना. तो म्हणाला, नवीन जागा आहे, लाजतो. रंग फोटोतल्यासारखा नव्हता, मातकट पाठीवर वेडेवाकडे तपकिरी डाग. तो म्हणाला, मॉर्फ आहे, म्हणून तर रेअर. एकदा हातात घेतलं तेव्हा शेपटीकडे बोट फिरवलं, तर पॉलिश पेपरवर फिरवावं तसं खरखरीत लागलं. मनात आलं, कात टाकायची वेळ असेल. स्वतःलाच समजावायला माणूस किती कारणं शोधतो.

नवव्या दिवशी शेजारच्या वाडीत गोठ्यात धामण शिरली म्हणून आमचा एक सर्पमित्र आला होता. चहाला घरी बोलावलं, कौतुकाने खोलीत नेलं. तो पेटीजवळ वाकला, दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "रे, ह्यो अजगर न्हय. ही दुरक्या घोणस."

घोणस ऐकताच माझ्या तळपायाला घाम सुटला. त्याने खांदा धरला. दुरक्या घोणस बिनविषारी, मांडुळाच्या जातकुळीतली, नावात फक्त घोणस. वाळूत-मातीत पुरून राहणं हा तिचा स्वभावच. मग त्याने मला एकेक दाखवलं. बॉल पायथनची मान बारीक असते, डोकं वेगळं उठून दिसतं. हिला मानच नाही. अजगराच्या वरच्या ओठावर कडेने छोट्या खळग्यांची रांग असते, त्यांनी तो भक्ष्याची ऊब ओळखतो. इथे एकही खळगा नाही. अजगराचे खवले गुळगुळीत. हिची शेपटी आखूड आणि खरखरीत. म्हणजे माझ्या बोटाला जे कळलं होतं ते डोक्याने ऐकलं नव्हतं.

मग त्याने जे सांगितलं त्याने मला रात्रभर झोप नाही. जातिवंत घोणस आणि दुरक्या घोणस यांत लोकांची गफलत होते, अजगराच्या पिल्लाशीही होते, आणि घोणसीचं पिल्लू जन्मतःच विषारी असतं. पाठीवर साखळीसारख्या गोल डागांच्या तीन ओळी, त्रिकोणी डोकं, कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार, ही तिची ओळख. शेतातून दिसेल ते उचलून मॉर्फ म्हणून विकणाऱ्याने उद्या चुकून ती पाठवली तर? मी तर उघड्या हाताने चारदा उचललं होतं.

आता दुसरी भीती. साप रानातला, म्हणजे गुन्हा माझ्याही घरात. रात्रीतून रानात सोडून द्यावं हा विचार आला, खोटं कशाला बोलू. सर्पमित्राने तो मोडून काढला: कुठून पकडलाय माहीत नाही, आजारी असेल तर दुसऱ्यांना लावेल, आणि पुरावा जाईल. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला, मग परिक्षेत्र कार्यालयात स्वतः गेलो. पेटी, थर्मोस्टॅट, पावत्या, व्हॉइस नोटा सगळं घेऊन. जबाब झाला, पंचनामा झाला, दोन तास घाम फुटला. पण आपण होऊन आल्याचं त्यांनी लिहून घेतलं आणि वागणूक माणुसकीची मिळाली. सायबरच्या १९३०वरही तक्रार केली. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? अकरा दिवस झाले होते. लगेच कळवलं तर खात्यात अडकवता येतात, एवढ्या उशिरा नाही. तीस हजार पाचशे रुपये गेले ते गेले.

कागदांचं राहिलं. त्याने मला एक पीडीएफ दिली होती, वर सिंहाची मुद्रा, खाली सही, मधे 'सायटिस सर्टिफाइड'. सायटिस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार. कार्यालयात ती बघून साहेब हसले. खरी व्यवस्था अशी आहे: कायद्यात २०२२ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे, आणि सायटिस यादीतल्या विदेशी प्राण्यांसाठी चौथं परिशिष्ट आलं. २०२४च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर नोंद करायची, ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाते. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला, पिल्लं झाली, मेला, तरी कळवायचं. तेव्हा विकणाऱ्याकडे आधी त्याच्या नावावरची नोंद मागा आणि ती घेऊन वनकार्यालयात जाऊन विचारा. 'साहेबांशी बोलणं झालंय' म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

तो साप विभागाने पशुवैद्यकांना दाखवला. पोटाला एका बाजूला भाजल्याची खूण होती. पहिल्या संध्याकाळची, मी गन आणेपर्यंतची. ते ऐकून पैशांपेक्षा जास्त लागलं.

हौस मेली नाही अजून. दुकानात मागच्या बाजूला मी स्वतः एक पेटी बांधलीय, चार बाय दोन बाय दोन फूट, पीव्हीसी शीटची. साधा प्लाय इथे एका पावसाळ्यात फुगतो आणि वाळवी लागते ती वेगळी. पुढून सरकती काच आणि तिला कुलूप. दोन्ही बाजूंना समोरासमोर जाळीच्या खिडक्या, कारण आमच्याकडे ओल आणायची नसते, घालवायची असते. साचलेल्या दमटात सापाच्या पोटाचे खवले कुजतात, छातीत सर्दी भरते, मग तो तोंड उघडून श्वास घेतो. एका टोकाला तळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा हीट पॅड, बाहेरून, खऱ्या थर्मोस्टॅटवर. तिथे ३१-३२, दुसऱ्या टोकाला २६. दोन्हीकडे अंगाला घट्ट बसतील अशा लपायच्या जागा. खाली नारळाच्या सोडणाचे तुकडे, तीन पाण्यांत धुऊन मे महिन्याच्या उन्हात वाळवलेले, पावसात ते जमत नाही. मुंग्यांसाठी चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. एप्रिल-मेत हीटर जवळजवळ लागतच नाही, उलट ३४च्या वर जाऊ नये म्हणून धडपड. लाईट गेली की किती वेळात किती डिग्री उतरतं तेही वहीत आहे. सात महिने झाले, पेटी रिकामीच आहे.

ती जुनी काचपेटी वनविभागाने फोटो काढून परत दिली. आईने तिच्यात सुके बांगडे ठेवले, जाळीचं झाकण आहे, हवा खेळेल म्हणून. विकणाऱ्याने हे झाकण 'स्नेकप्रूफ' म्हणून सांगितलं होतं. चौथ्या दिवशी आमच्या मांजराने ते नाकाने उचललं आणि तीन बांगडे नेले.