ठाणे स्टेशनचा जिना: प्रोक्रिएट की क्रिता?

दोन्ही चित्रं काढायची ॲप्स. नुसता फलाट काढायचा तर प्रोक्रिएट झकास. ड्रॉइंग गाइडमध्ये पर्स्पेक्टिव्ह निवडा, एका टॅपवर व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, बसतो. लेयरला ड्रॉइंग असिस्ट लावला की रूळ, छपराची कड, सगळं निमूट तिकडेच धावतं.

खरी गोची पादचारी पुलाच्या जिन्याची. वर चढत दूर जाणाऱ्या कठड्याचा पॉइंट क्षितिजरेषेवर नसतोच; जिना फलाटाला समांतर असेल तर तो फलाटाच्या पॉइंटच्या बरोब्बर वर, आणि उतरत दूर जाणाऱ्याचा खाली. प्रोक्रिएटमध्ये जास्तीत जास्त ३ पॉइंट. क्रितात हवे तितके असिस्टंट, म्हणजे रेघ धरून ठेवणाऱ्या मार्गदर्शक रेषा, टाका.

पैशांचं म्हणाल तर आयपॅडवरचं प्रोक्रिएट विकतचं, संगणकावरचं क्रिता फुकट. फक्त क्रितात ब्रश टूलच्या पर्यायांत स्नॅपिंग चालू करा, तरच रेघ असिस्टंटला चिकटून सरळ जाते. मी ते विसरलो आणि हात थरथरतो म्हणून दोन दिवस चहा सोडला.