मोजाबाहुली की कळसूत्री?

पहिली-दुसरीच्या वर्गात मी मोजाबाहुलीच नेईन. जुना मोजा, दोन बटणं, लोकरीचे केस. अर्ध्या तासात तयार. आवाज मात्र जीव ओतून काढायचा, पुटपुटलात तर मोजा तो मोजाच. तिची खरी गंमत म्हणजे ती चुकते. "सात अधिक पाच दहा!" म्हटलं की मागच्या बाकावरचा अबोल मुलगाही ओरडतो, "अगं, बारा!" बाईंना उत्तर द्यायला बिचकणारं मूल बाहुलीला बिनधास्त दुरुस्त करतं.

दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुलीचा डौल वेगळाच. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजातल्या कलावंतांचा खेळ (तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली) मुलांना जरूर दाखवावा. पण रोजच्या तासाला? शिक्षकाचे दोन्ही हात दोऱ्यांत अडकतात आणि गुंता सुटेपर्यंत अर्धा वर्ग खिडकीशी.