विशाखापट्टणमचं हॉटेल बुकिंग आणि 'रिफंड'च्या नावाखाली गेलेले पैसे

विशाखापट्टणमला हॉटेल बुक करताना आमच्या घरचे १९,८०० रुपये गेले. हॉटेल खरं आहे, आजही चालू आहे. पाहिलेले फोटो त्याच हॉटेलचे होते, सांगितलेला भावही पटण्यासारखा होता. खोटा होता तो फोन नंबर आणि त्यावर बोलणारा माणूस. नांदेडहून थेट रेल्वे असल्यामुळे आपल्या भागातली कितीतरी घरं आता समुद्र बघायला तिकडं जातात. म्हणून जे झालं ते सगळं खुलासेवार लिहितेय.

बेत साधा होता. आई, मी, ताई-दाजी आणि मुलं, तीन रात्रींचा मुक्काम. आईला सिंहाचलमचं दर्शन घ्यायचं होतं. नरसिंह आमचं कुलदैवत. तिथली वराह नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते आणि मूळ रूप फक्त अक्षय्य तृतीयेला दिसतं, हे आईनं कीर्तनात ऐकलेलं. मुलांना 'कुरसुरा' पाणबुडी आतून बघायची होती. १९६९ साली नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात काम केलेली ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून आर. के. बीचवर संग्रहालय म्हणून उभी आहे. सोमवारी ती बंद असते, म्हणून आम्ही वारही बघून ठेवला होता. एक दिवस अराकू खोऱ्याच्या रेल्वेचा. डोंगरातून बोगद्यामागून बोगदे ओलांडत ती जाते आणि वाटेत बोर्रा गुहा लागतात. ऑक्टोबरात त्या किनाऱ्यावर वादळांची भीती असते, २०१४ चं हुडहुड तर थेट विशाखापट्टणमवरच आदळलं होतं. त्यामुळं डिसेंबर ठरवला.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ते उघडलं तशी तिकिटं काढली आणि हॉटेल नंतर बघू म्हणालो. बहुतेक घरांत असंच होतं, आणि ठगांना हेच हवं असतं. तिकीट हातात आलं की तारीख पक्की होते. शिवाय डिसेंबरात तिथं गर्दी. चार डिसेंबरला नौदल दिन असतो, पुढं नाताळच्या सुट्ट्या लागतात. चांगल्या खोल्या संपायला लागतात आणि माणूस घाईला येतो.

बीचजवळची हॉटेलं बघताना एक मध्यम भावाचं आवडलं. बुकिंगच्या ॲपवर खोली होती, पण थेट हॉटेलशी बोललं तर स्वस्त पडेल म्हणून नकाशाच्या ॲपवर त्याचं पान उघडलं. तिथं एक मोबाइल नंबर होता. हे पुढं कळलं, तरी इथंच सांगते: अशा पानावरचा नंबर बदलण्याची सूचना बाहेरचा कुणीही माणूस करू शकतो. हॉटेलवाल्यानं ते पान स्वतःच्या ताब्यात घेतलेलं नसेल, तर खोटा नंबर तिथं बराच काळ तसाच राहू शकतो. वरचे शेकडो चांगले अभिप्राय खरे असतात, पण ते हॉटेलबद्दलचे असतात. नंबर खरा आहे याची त्यात कुणीही ग्वाही दिलेली नसते.

फोन उचलणारा माणूस हिंदीत बोलत होता. आवाज शांत. मागं कुणीतरी "रूम नंबर दो सौ चार" असं काही म्हणत होतं. त्यानं तारखा विचारल्या, माणसं विचारली, आई म्हाताऱ्या आहेत हे ऐकून स्वतःच म्हणाला की लिफ्टजवळची खोली देतो. मग व्हॉट्सॲपवर हॉटेलच्या नावाचं भावपत्रक आलं, फोटो आले. एका खोलीचे रात्रीला २,२००. दोन खोल्या, तीन रात्री, मिळून १३,२००. ॲपवरच्या भावापेक्षा थोडंच कमी. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर शंका आली असती, आणि हे त्याला पक्कं माहीत असणार. ॲपवाल्यांचं कमिशन वाचतं, एवढंच त्यानं कारण दिलं आणि ते पटण्यासारखंच होतं.

सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो मागितले. हॉटेलं मागतातच, म्हणून पाठवले. निम्मी रक्कम, ६,६०० रुपये, आधी भरायची होती. क्यूआर कोड पाठवतानाच तो म्हणाला, "मॅडम, नाम हमारे अकाउंटंट का आएगा, घबराना मत." पिन टाकण्याआधी स्क्रीनवर जे नाव दिसतं ते बँकेत नोंदलेलं असतं, आणि फसवणूक ओळखण्याची एवढी एकच खूण तिथं आपल्यासमोर असते. ती खूण दिसण्याआधीच त्यानं तिचा खुलासा करून टाकला होता. त्यामुळं कुण्या परक्या माणसाचं नाव आलं तेव्हा ते बरोबरच वाटलं. पैसे गेले, पाच मिनिटांत पावती आली. वर हॉटेलचा लोगो, खाली जीएसटी क्रमांक, बुकिंग क्रमांक, सगळं.

इथंच तो थांबला असता तर आमचे ६,६०० गेले असते आणि ते विशाखापट्टणमला काउंटरवर उभं राहिल्यावर कळलं असतं. पण त्यांचा खरा धंदा यापुढं सुरू होतो. कृपा करून हा भाग नीट वाचा.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज थोडा काळजीचा. म्हणाला, तुमचं बुकिंग सिस्टीममध्ये अडकलंय, सीझनमध्ये सिस्टीम अर्धी रक्कम घेत नाही. पूर्ण १३,२०० एकाच वेळी आले की कोड तयार होतो, आणि आधीचे ६,६०० त्याच मिनिटाला आपोआप परत येतात. त्याच्या मागं आता दुसरा आवाज होता, 'मॅनेजर साहेब', आणि तो ह्याला रागावत होता की पार्टीला आधी नीट का सांगितलं नाही. वाद त्या दोघांत चाललाय आणि आपण मधे ताटकळलोय, असं त्यांनी भासवलं. तारीख पक्की, तिकिटं काढलेली, ६,६०० गुंतलेले. १३,२०० पाठवले.

लगेच पुन्हा फोन. "मॅडम, आपने १३,२०० डाला, १३,२०१ डालना था. वो एक रुपया बुकिंग का कोड है." आता १३,२०१ पाठवा, आधीच्या दोन्ही रकमा एकदम परत येतील. फोन ठेवू देत नव्हता. ठेवला तर 'सेशन' बंद होईल आणि पैसे महिनाभर अडकतील, असं म्हणत होता.

या डावात माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो ते खोलीसाठी भरतच नाही. पहिले गेलेले सोडवण्यासाठी भरतो. तिसऱ्यांदा भरतो ते पहिले दोन सोडवण्यासाठी. रक्कम वाढत जाते तसं थांबणं अवघड होत जातं, कारण थांबणं म्हणजे गेलेलं गेलं असं मान्य करणं. पोलीस ठाण्यात आम्हाला सांगितलं की अशा प्रकरणांत लोकांनी लाखाच्या वर रकमा भरल्यात, त्याही एकाच संध्याकाळी. मला ते अजिबात खोटं वाटलं नाही.

आम्ही वाचलो ते दाजींमुळं. दाजी धर्माबादचे. तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबाद, देगलूर, बिलोली पट्ट्यातल्या कितीतरी घरांत तेलुगूही बोलली जाते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "कुणाशी बोलायलीस एवढा वेळ?" मी सांगितलं. "दे इकडं," म्हणाले आणि फोन घेऊन तेलुगूत सुरू झाले, की हॉटेलच्या समोर काय आहे, स्टेशनवरून रिक्षा किती घेईल. पलीकडून काहीच उत्तर नाही. मग तो म्हणाला, "हिंदी में बोलो सर." दाजींनी मॅनेजरला द्या म्हटलं. मॅनेजरलाही तेलुगू येत नव्हती. दाजी मला म्हणाले, "विशाखापट्टणमच्या काउंटरवर बसलेत अन् दोघांतल्या एकालाबी तेलुगू येईना? रुपया टाकू नको आता." फोन कट झाला. पुन्हा लागला नाही. व्हॉट्सॲपवरचा त्याचा फोटोही गेला.

आपल्याकडं दाजींसारखं माणूस प्रत्येक घरात नसतं, हे मला कळतं. पण हॉटेलचा लँडलाइन शोधता येतो. विशाखापट्टणमचा कोड ०८९१ आहे. आम्ही नंतर हॉटेलच्या जुन्या बिलाच्या एका फोटोवरून तो नंबर काढला आणि फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीनं नाव ऐकून लगेच विचारलं, "तुम्हीही पैसे पाठवलेत का?" अशा खोट्या पावत्या घेऊन माणसं सामानासकट दारात येतात, म्हणाली. लेकरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन रात्रीच्या रेल्वेनं उतरलेल्या कुटुंबाला तिथं नाही म्हणून सांगितलं जातं, हे ऐकून पैशांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आम्ही त्याच रात्री १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभरातला एकच नंबर आहे. तिथं तुमचा खाते क्रमांक, पैसे गेल्याची वेळ, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारतात. तो यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. हे आधीच कागदावर लिहून ठेवलं तर फोनवर वेळ जात नाही. मेसेजवर पोचपावती क्रमांक येतो, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर स्क्रीनशॉट जोडून तक्रार पूर्ण करायची. घाई एवढ्याचसाठी, की पैसे ज्या खात्यात जातात ते बहुतेक भाड्यानं घेतलेलं कुणा तिसऱ्याचंच खातं असतं. तिथून ते दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवतात आणि एटीएममधून काढतात. काढायच्या आधी तक्रार पोचली तर तेवढी रक्कम गोठवता येते. आमच्या दुसऱ्या रकमेतले ८,००० असे एका खात्यात गोठलेत. ते सोडवून घ्यायचं अजून बाकी आहे. पहिले ६,६०० तोवर निघून गेले होते.

बँकेनं हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात ग्राहकाची जबाबदारी शून्य आहे असं आपण ऐकतो. ती सवलत आपला काही संबंध नसताना तिसऱ्यानंच खात्यातून पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर मिळते. पिन आपल्या हातानं टाकला असेल तर ती मिळत नाही. म्हणूनच हे लोक कधीही ओटीपी मागत नाहीत. त्यांना तुमच्या हातूनच पिन टाकून हवा असतो. रिफंड घ्यायला पिन लागत नाही, नव्यानं पैसे पाठवायला लागत नाहीत आणि 'कोड' तयार करायला रुपया जास्त टाकावा लागत नाही. यातलं काहीही कुणी सांगितलं तर त्याच क्षणी फोन ठेवा, मग समोरचा कितीही रागावो.

तक्रार केल्यानंतर आणखी एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे १९,८०० सापडलेत, प्रोसेसिंग फी १,९९९ भरा." रक्कम अगदी बरोबर सांगितली. ती फक्त आम्हाला, पोलिसांना, बँकेला आणि चोरांना माहीत होती. आम्ही आमच्या ठाण्यात विचारलं. तिथून कुणीही फोन केलेला नव्हता.

आधार कार्डांचं काम वेगळंच होऊन बसलं. आईसकट सगळ्यांचं बायोमेट्रिक आधारच्या ॲपवरून लॉक केलं. आता कुठंही द्यायचं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार डाउनलोड करून देतो. सामान्य मुक्कामाला ते चालतं.

हा प्रकार एका शहरापुरता नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं चारधाम आणि केदारनाथच्या यात्रेकरूंना खोट्या हॉटेल, टॅक्सी आणि हेलिकॉप्टर बुकिंगबद्दल सावध केलं होतं. जिथं लोक लांबून, ठरलेल्या तारखेला आणि कुटुंब घेऊन जातात, तिथं हे बसलेले आहेत.

आम्ही प्रवास रद्द केला नाही. पीएनआर क्रमांकावर स्टेशनची रिटायरिंग रूम बघितली, ती भरलेली होती. शेवटी त्याच खऱ्या हॉटेलात ०८९१ वरच्या नंबरवर बोलून खोल्या ठेवल्या, पैसे पोचल्यावर काउंटरवर द्यायचे ठरवून. नकाशावरचा तो मोबाइल नंबर आम्ही आणि हॉटेलवाल्यांनी कळवल्यावर उतरला. ताईनं परवा सहज तोच नंबर शोधून बघितला, तर तो पुरीच्या एका हॉटेलच्या पानावर दिसला. तिथंही कळवलंय, आणि १९३० च्या तक्रारीत त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडलाय.