आठ महिन्यांच्या वापरानंतर: वर्कस्टेशनचे जास्तीचे पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे वाया जातात

आधी मशीन, म्हणजे जड व्यावसायिक कामासाठी बनवलेला संगणक (वर्कस्टेशन). इंटेलचा शिऑन डब्ल्यू५-२४६५एक्स प्रोसेसर, १६ कोअर. ३२ जीबीच्या चार ईसीसी (मेमरीतली चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या) स्टिक, म्हणजे १२८ जीबी रॅम. आरटीएक्स ४००० एडा ग्राफिक्स कार्ड, २० जीबी. कंपनीनेच जोडून दिलेला टॉवर. दिवसा सॉलिडवर्क्समधल्या (यंत्रभाग डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) मोठ्या असेंब्ली, म्हणजे अनेक भाग जोडलेली मॉडेल, रात्रभर सिम्युलेशन आणि रेंडर (मॉडेलवरून चित्र तयार करणं), असा वापर.

काम फक्त मॉडेलिंग आणि ड्रॉइंगचं असेल तर हे मशीन घेऊ नका. बदल केल्यावर मॉडेल पुन्हा रचलं जाताना (रीबिल्ड) बहुतेक भार एकाच कोअरवर पडतो. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा प्रोसेसरचा वापर जेमतेम ३-४ टक्के दिसतो आणि वाटतं, मशीन रिकामंच बसलंय. खरं तर ३२ थ्रेडपैकी (प्रत्येक कोअरचे दोन) एक पूर्ण भरलेला असतो. शंभराला ३२ ने भागलं की तेच तीन टक्के. अशा कामात गती ठरते एका कोअरच्या वेगावर. या शिऑनचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, तर साध्या डेस्कटॉपमधल्या इंटेलच्याच ‘कोअर आय९-१४९००के’ प्रोसेसरचा ६. त्यामुळे निम्म्याहून कमी खर्चाचं मशीन इथे सरळ पुढे जातं.

रात्रीच्या कामात चित्र उलटतं. डीडीआर५-४८०० मेमरीचा एक चॅनल (रॅम ते प्रोसेसर ही वाट) सेकंदाला ३८.४ जीबी डेटा वाहतो. इथे चार चॅनल आहेत, म्हणजे १५३.६ जीबी, डेस्कटॉपला दोनच. द्रवप्रवाहाच्या सिम्युलेशनमध्ये कोअर बऱ्याचदा मेमरीची वाट बघत थांबतात, आणि तिथे हा फरक उपयोगी पडतो. पण तो मिळायला चारही चॅनल भरलेले हवेत. ‘पुढे रॅम वाढवता येईल’ म्हणून ६४ जीबीच्या दोनच स्टिक घेतल्या तर १२८ जीबी दिसतील खरे, पण वाट निम्मीच उघडी राहील. कोटेशनमध्ये फक्त एकूण जीबी लिहून येतात. किती स्टिक, ते मुद्दाम विचारा.

ईसीसीबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. डीडीआर५च्या प्रत्येक चिपमध्ये आतल्या आत चूक दुरुस्त करायची सोय असते, म्हणून काही विक्रेते कुठलीही डीडीआर५ ‘ईसीसी’ म्हणून खपवतात. ती सोय चिपच्या आतपुरतीच. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट उलटला तर तिचा काही उपयोग नाही. खऱ्या ईसीसी स्टिकवर जास्तीच्या चिप असतात. तपासायचं असेल तर लिनक्सवर ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा चालवून मेमरीचा भाग बघा: ‘टोटल विड्थ’ हा आकडा ‘डेटा विड्थ’पेक्षा मोठा हवा. दोन्ही ६४ असतील तर ईसीसी नाही. चौदा तास चाललेलं गणित पहाटे चुकीचं उत्तर देऊन संपलं तर ते चुकीचं आहे हे कळायलाही मार्ग नसतो, म्हणून लांब कामांना ईसीसी हवीच असं माझं ठाम मत आहे. मात्र फक्त तेवढ्यासाठी वर्कस्टेशन लागत नाही. डब्ल्यू६८० चिपसेटच्या मदरबोर्डवर साधा ‘कोअर’ मालिकेतला प्रोसेसरही ईसीसी वापरतो. स्टिकचे प्रकार मात्र वेगळे: इथे रजिस्टर्ड (सिग्नल सांभाळणारी वेगळी चिप असलेल्या) लागतात, तिथे अनबफर्ड (ती नसलेल्या). खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीची दुसरीकडे बसतच नाही.

कार्डाबद्दल थोडक्यात. निव्वळ रेंडरच्या वेगात आरटीएक्स ४०९० बरंच पुढे आहे, मेमरीही २४ जीबी. पण ते ४५० वॅटपर्यंत वीज खातं, हे १३० वॅटवर एकाच स्लॉटमध्ये बसतं. पैसे जातात ते प्रमाणित ड्रायव्हरसाठी, म्हणजे सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरसाठी तपासून मंजूर केलेल्या. सॉलिडवर्क्समधलं रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) अधिकृतपणे फक्त प्रमाणित कार्डांवर चालतं. नुसतं ब्लेंडर (मोफत त्रिमिती सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला या प्रमाणपत्राचा काही फायदा नाही.

आता त्रास. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. मेमरीची जुळणी चालू असते. घाबरून पॉवर बटण दाबलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तेव्हा थांबा. रॅमवरचं प्लास्टिकचं आवरण धूळ साफ करताना काढलं तर आठवणीने परत बसवा. हवा त्यातूनच स्टिकवर नेली जाते, आणि ते नसेल तर लांब कामात रॅम तापते. सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे पॉवर सप्लाय आणि पंख्यांचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे आहेत. वॉरंटी संपल्यावर बाजारातला साधा एटीएक्स (ठरलेल्या मापाचा) सप्लाय इथे लागणार नाही. त्यामुळे मशीन जितकी वर्षं वापरायचं असेल तितक्या वर्षांची वॉरंटी खरेदीच्या वेळीच घ्या, तो खर्च किमतीत धरूनच तुलना करा.

निर्णय अडलाच असेल तर आहे त्या मशीनवर आठवडाभर टास्क मॅनेजरमधला ‘कमिटेड’ मेमरीचा (सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेल्या) आकडा कामाच्या ऐन भरात टिपून ठेवा. तो ६४ जीबीच्या आत राहत असेल आणि रात्री मशीन बंदच असेल, तर वेगवान डेस्कटॉप घ्या.